गोदामाची ऊब

दिवाळी संपली आणि त्याच आठवड्यात ऊर्मी एकदा शाळेतून आली ती रडवेली होऊनच. दारात बूट भिरकावले, अंगातलं जॅकेट काढून सरळ वॉशिंग मशीनमध्ये कोंबलं आणि किचनच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

किचनमध्ये जमिनीवर गोधडीची घडी टाकून तिची आजी लताबाई बसल्या होत्या. पुढ्यात परात, परातीत सोललेला लसूण, मांडीवर टरफलं, केसांतही टरफलं. शेजारी स्टुलावर बसून तिची आई अरुणा लसणाच्या वेण्या घालत होती.

“मॉम, आय स्मेल लाइक गार्लिक! बसमध्ये नोबडी सॅट विथ मी. द होल वे!”

“मग बरंच झालं की,” लताबाई मान वर न करता म्हणाल्या, “ऐसपैस बसायला मिळालं.”

“आज्जी, इट्स नॉट फनी!”

पोरगी धाडधाड जिना चढून गेली. अरुणाला हसू येत होतं, पण तिने आपल्या स्वेटरची बाही नाकाशी नेली आणि हसू गेलं. मग तिने पडदा हुंगला. सोफ्यावरची उशी हुंगली. परवा ग्रोसरीच्या रांगेत पुढची बाई उगीचच दोन पावलं सरकली होती, ते तिला आत्ता उमजलं.

लसूण हे अरुणाचं खूळ. तिचा नवरा प्रताप कॅनडातल्या लंडन शहरात एका कारखान्यात मेन्टेनन्सला होता, आणि जवळच्या स्ट्रॅथरॉय गावाच्या अलीकडे त्यांनी घर घेतलं तेव्हा मागची रेताड जमीन त्याला नुसती गवत कापायला लावणारी कटकट वाटत होती. अरुणाने तिथे लसणाचे चार वाफे लावून पाहिले. ऑक्टोबरात पाकळ्या खोचायच्या, वर पेंढा पसरायचा, बर्फाखाली झोपू द्यायचं, जुलैत उपटायचं. वाफ्यांचं रान झालं. सासऱ्यांच्या माघारी प्रतापने आईला निफाडहून आणलं आणि मग तर काय, लताबाईंच्या हाताखालून लसूण असा सुटायचा की अरुणा बघतच राहायची. चटणी कुटायला गावातल्या चर्चचं किचन आठवड्यातून एकदा भाड्याने मिळे; सोलणं, निवडणं, वेण्या घालणं मात्र घरात. लंडनच्या शनिवारच्या बाजारात गोरे लोक ती चटणी पावाला लावून खात, डोळ्यांतून पाणी काढत आणि आणखी एक बाटली नेत.

त्या संध्याकाळी जेवताना लताबाई शांतपणे म्हणाल्या, “प्रताप, माझं तिकीट बघून ठेव. संक्रांत झाली की जाते.”

प्रतापचा घास हातातच राहिला. “का गं? काय झालं?”

“काय व्हायचंय? पोरीला वास येतो, तिचं खोटं नाही. अन् लसूण सोलायचा नाही, तर मी इथं करू काय? काचेतून बर्फ बघू? मला बसून राहायला येत नाही बाबा.”

त्यात राग नव्हता. म्हातारी येऊन वर्ष उलटलं होतं तरी तिने आपली बॅग रिकामी केली नव्हती. कपाटात दोन कप्पे मोकळे करून दिले होते, ते तसेच मोकळे. रोजची साडी बॅगेतून निघायची, धुऊन वाळून परत बॅगेत जायची. बॅगेचं झाकण पलंगाशेजारी कायम उघडं.

आता अरुणाचं सांगायला हवं. अरुणाला सासू हवी होती. वाचणाऱ्याला हे विचित्र वाटेल, पण ते खरं आहे. दिवसभर प्रताप कामावर, ऊर्मी शाळेत, आणि बाहेर कोरडी पांढरी शांतता. त्या शांततेत समोर बसून कुणीतरी लसूण सोलतंय, निफाडच्या कुठल्याशा भांडकुदळ शेजारणीचे किस्से सांगतंय, याची तिला सवय झाली होती. सवय कसली, प्रेमच होतं ते.

“आई, तिकीटबिकीट काही नाही,” ती म्हणाली. “आपण बार्न गरम करू. सगळा लसूण तिकडे नेऊ.”

“त्या गोदामात?” लताबाई हसल्या. “तिथं कुत्रं उभं राहायचं नाही आता.”

खोटं नव्हतं. मागचा पोल बार्न म्हणजे जमिनीत रोवलेले उंच खांब, त्यांना आडव्या फळ्या, वरून आणि चारी बाजूंनी पत्रा. खाली नुसती खडी. जुलैत लसूण टांगून वाळवायला झकास जागा. नोव्हेंबरात मात्र आत गेलं की बाहेरच्यापेक्षा जास्त थंडी वाजायची.

“संक्रांतीपर्यंत थांबा,” अरुणा म्हणाली. “नाही झाला गरम, तर मी स्वतः विमानतळावर सोडते.”

“सोडशील बरं!” असं म्हणून लताबाईंनी ताटातली भाकरी मोडली.

बार्न कसा तापवायचा हे ज्याला त्याला माहीत होतं, फक्त प्रत्येकाला वेगळं माहीत होतं. प्रतापचा मित्र राजन लंडनमध्ये सॉफ्टवेअरमध्ये होता. त्याने आयुष्यात बार्न बाहेरूनच पाहिला होता, त्यामुळे त्याचं मत सगळ्यात पक्कं होतं. “अरे, फोर्स्ड एअर टाक. घरी आहे तसंच. गरम हवा फेकतं, एका तासात टी-शर्टवर येशील. हू केअर्स अबाउट एनीथिंग एल्स?”

फोर्स्ड एअर बसवण्याआधी निदान चाचणी म्हणून प्रतापने प्रोपेनवर चालणारा एक टॉर्पिडो हीटर भाड्याने आणला. आडवं नळकांडं, एका तोंडातून जाळ. चालू केल्याबरोबर तो असा गरजला की लताबाईंनी कानांवर पदर घेतला. त्याच्या तोंडासमोर उभं राहिलं तर पोटऱ्या भाजायच्या आणि चार पावलं बाजूला झालं तर दात वाजायचे. गरम हवा सरळ वर छपराला जाऊन बसली. थोड्या वेळाने थंडगार पत्र्यावरून पाण्याचे थेंब गळायला लागले, एक बरोबर लताबाईंच्या भांगात.

“इथं आता घरात पाऊस पाडलास होय रे?” त्या ओरडल्या.

शेजारचा हेंक आवाज ऐकून आला होता. तो डच शेतकरी, सहा फुटांच्या वर, हसला की खांदे हलायचे. त्याने वर पाहिलं आणि सांगितलं की प्रोपेन जळलं की वाफ होते, आणि ती वाफ तुमच्या उघड्या पत्र्याला लागून पाणी होते. भिंतीत इन्सुलेशन नाही, मग कुठलाही हीटर आणा, तुम्ही गावभरची हवा तापवताय. “फर्स्ट इन्सुलेट, माय फ्रेंड. देन हीट.”

आणि तो त्यांना आपल्या वर्कशॉपमध्ये घेऊन गेला. छताखाली एक लांब नळी, तिच्यावर चकचकीत पत्र्याची झालर, आत गॅस जळतोय. आवाज नाही, वारा नाही. प्रताप खूश झाला. ट्यूब हीटर हवा तापवत नाही, ज्यावर उष्णता पडते ती वस्तू तापवतो, हे त्याने वाचलेलंच होतं.

हेंकच्या बायकोने लताबाईंना खुर्ची दिली. त्यांनी नको म्हटलं, आणि सोबत आणलेली गोधडीची घडी खाली टाकून त्या आपल्या नेहमीसारख्या मांडी घालून बसल्या. थोडा वेळ झाला. मग त्यांनी डोक्यावरचा पदर काढला. मग पाय पोटाशी घेतले.

“कसं वाटतंय आई?”

“डोकं तापलंय अन् बूड गारठलंय,” लताबाई म्हणाल्या. “ताप आल्यावर असंच होतं.”

हेंकने विचारलं काय म्हणतेय, आणि प्रतापने शब्दशः भाषांतर केलं. हेंकचे खांदे बराच वेळ हलत होते.

प्रतापच्या मनात मुळापासून लाकडाची शेगडी होती. जाळ, ठिणग्या, चहाचं आधण. पण विम्याच्या ऑफिसातल्या बाईने फोनवर “वूड स्टोव्ह अँड ड्राय गार्लिक स्किन्स?” असं ज्या सुरात विचारलं, त्यातच तो बेत विझला. लसणाची टरफलं वाऱ्यावर कुठेही जातात. त्याला स्वतःलाच कळत होतं.

हेंककडून ते गाडीने परत निघाले. अरुणा मागच्या सीटवर सासूच्या शेजारी होती. तिने सहज लताबाईंच्या पायाला हात लावला. मोज्यातून, बुटातूनही पाय बर्फ.

“प्रताप,” ती म्हणाली, “आपण सगळे हीटर कुणासाठी बघतोय? उभ्या माणसासाठी.”

“म्हणजे?”

“हेंक उभा राहून काम करतो. आपण बसून. आई तर जमिनीवरच बसणार, मीही वेण्या घालताना शेवटी खालीच येते. मग वरून कशाला तापवायचं? खालूनच तापव ना.”

प्रतापने गाडी जरा हळू केली. खडीवर काँक्रीट तर घालायचंच होतं, खडीत लसणाच्या पाकळ्या हरवतात अशी अरुणाची तक्रार जुनीच होती. काँक्रीटमध्ये पाइप टाकायचे, त्यातून बॉयलरचं कोमट पाणी फिरवायचं. जमीन तापेल, वारा नाही, आवाज नाही, टरफलं उडणार नाहीत. पाणी फार गरमही लागत नाही, म्हणजे गॅसही बेताने. मेन्टेनन्सच्या माणसाला हे आपल्याला आधी कसं सुचलं नाही याचा राग आला, आणि लगेच त्याहून जास्त आनंद झाला.

“तापायला वेळ घेतं ते,” तो म्हणाला. “पण एकदा तापलं की धरून ठेवतं.”

“माझ्यासारखं,” लताबाई म्हणाल्या.

मग घर कामाला लागलं. इन्सुलेशनचे, म्हणजे काचेच्या लोकरीचे, गुलाबी गठ्ठे आले. प्रताप शिडीवर, अरुणा खालून देतेय. त्याचे बारीक काटे मनगटात, मानेत शिरायचे आणि गरम पाण्याने धुतलं की जास्तच चुरचुरायचं. वर प्लॅस्टिकचा पडदा, त्यावर प्लायवूड. खाली खडी सपाट करून फोमचे जाड तक्ते अंथरले, म्हणजे उष्णता जमिनीत न जाता वर येईल. त्यावर लोखंडी जाळी. आणि मग आला लाल पाइप, भलंमोठं वेटोळं, थंडीने ताठ झालेलं. एकाने धरायचं, एकाने वाकवायचं, एकाने जाळीला बांधायचं.

बांधायला लताबाई बसल्या. निफाडला द्राक्षाच्या काड्या तारेला बांधण्यात त्यांची उमर गेली होती. बोटं आपोआप चालत. हातमोजे घातले की गाठ बसत नाही म्हणून त्यांनी मोज्यांची टोकं कात्रीने उडवली. ऊर्मी शनिवारी नाक मुरडत आली, आजीचा वेग पाहून तिच्याशी शर्यत लावून बसली, हरली, परत लावली. संध्याकाळी सगळे गुडघ्यावर हात टेकत उठले तेव्हा बार्नभर लाल रेषा नागमोडी फिरल्या होत्या.

“लूक्स लाइक रांगोळी,” ऊर्मी म्हणाली.

“अन् वरून सिमेंट ओतणार,” लताबाई हळहळल्या. “कुणाला दिसायचीसुद्धा नाही.”

काँक्रीटचा ट्रक आला त्या दिवशी बर्फ भुरभुरत होतं. हेंक गमबूट चढवून मदतीला आला, लांब फळी ओढून त्याने प्रतापबरोबर पृष्ठभाग सारखा केला. वर ताडपत्र्या आणि ब्लँकेटं घालून काँक्रीट निजवलं. ते मुरेपर्यंत बॉयलर सुरू करायचा नव्हता, आणि त्या वाट पाहण्यात डिसेंबर गेला. लताबाईंची बॅग तशीच उघडी होती. तिकिटाचा विषय प्रतापने काढला नाही आणि त्यांनीही काढला नाही, एवढ्यावर अरुणा आशा धरून होती.

हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं, म्हणून संक्रांतीनंतरचा शनिवार धरला. लंडनमधली मराठी घरं बोलवायची, बार्नमध्येच पंगत मांडायची. तीन दिवस आधी प्रतापने बॉयलर सुरू केला. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी ऊर्मी मोजे काढून आत फिरली आणि किंचाळली, “बाबा, इट्स वर्किंग!” शुक्रवारी दुपारी तर आत स्वेटर नकोसा झाला. प्रताप घरात शीळ घालत फिरत होता.

शुक्रवारी संध्याकाळी लताबाई आणि अरुणा बार्न सजवायला गेल्या. मोकळी, करडी, काँक्रीटची जमीन बघून लताबाईंनी गालावर हात ठेवला.

“अगं, लोकांना असं उघड्या जमिनीवर बसवायचं? काय म्हणतील! प्रतापच्या आईला साधं अंथरायचं कळत नाही म्हणतील.”

अरुणालाही ते पटलं. आपल्याकडे पाहुण्याला उघड्यावर बसवत नाहीत. तिने राजनकडच्या आणि मराठी मंडळाच्या सतरंज्या आणून ठेवल्याच होत्या. भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरल्या. त्यावर फोमच्या गाद्या. त्यावर लताबाईंनी निफाडहून आणलेल्या, स्वतःच्या हाताने शिवलेल्या गोधड्या. पायालाही सिमेंट लागू नये इतकं छान अंथरूण झालं. दोघींनी दारातून पाहिलं आणि समाधानाने दिवा मालवला.

शनिवारी सकाळी प्रतापने दार उघडलं आणि त्याच्या तोंडातून वाफ निघाली.

रात्री थंडी उणे वीसच्या खाली गेली होती हे खरं, पण त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप होता. तो धावत बॉयलरपाशी गेला. बॉयलर चालू. पंप चालू. जाणाऱ्या पाइपला हात लावला, गरम. परत येणाऱ्या पाइपला हात लावला, तोही तेवढाच गरम. “पाणी फिरतंय, मग उष्णता जातेय कुठे?” तो स्वतःशीच बडबडत राहिला. थर्मोस्टॅट काढला, लावला, ठोकला. बसवणाऱ्या कंपनीचा फोन शनिवारी कोण उचलणार!

पाहुणे यायला लागले. काठापदराच्या साड्यांखाली बर्फाचे बूट, वर फुगीर जॅकेटं. बायका गोधड्यांवर अंग चोरून बसल्या. हळदीकुंकू लावताना अरुणाची बोटं आखडली होती. तिळगूळ घ्या गोड बोला म्हणताना सगळ्यांच्या तोंडून वाफ निघत होती. राजन जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून म्हणाला, “मी सांगितलं होतं, फोर्स्ड एअर टाक.” प्रतापला त्याला त्याच्याच सतरंजीत गुंडाळावंसं वाटलं.

लताबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. कुणीतरी विचारलं, आजी, आता इथंच ना? त्या म्हणाल्या, “बघू. जायचंय बहुतेक.” अरुणाने ते ऐकलं. तिने हातातला करंडा पटकन खाली ठेवला, कारण डोळे पुसायला हात मोकळा हवा होता.

एवढ्यात श्रावणी नावाची एक बाई किंचाळून उठली. “अगं बाई! खाली काहीतरी हललं!”

गोधडीखाली एक उंचवटा सरकत होता. बायका फटाफट उभ्या राहिल्या. ऊर्मीने पुढे होऊन गोधडीचं टोक उचललं, गादी बाजूला केली, सतरंजी ओढली, आणि उंदरांसाठी पाळलेला बार्नमधला पिवळा बोका डोळे किलकिले करत बाहेर आला. तिने त्याला उचललं आणि तिचा चेहरा बदलला.

“मॉम! ही इज सो वॉर्म! ही इज लाइक... इस्त्री!” तिने खाली हात टेकला. “द फ्लोर इज हॉट! बाबा, इट वॉज हॉट द होल टाइम! यू गाइज पुट ब्लँकेट्स ऑन द हीटर!”

प्रताप गुडघ्यावर बसला, त्याने जमिनीला तळहात लावला आणि तसाच बसून राहिला. मग त्याने सतरंजीकडे पाहिलं, सतरंजीवरच्या गादीकडे, गादीवरच्या गोधडीकडे, आणि शेवटी आपल्या आईकडे.

“आई,” तो म्हणाला, “तू चुलीवर रजई घातलीस गं!”

मग लताबाईच आधी हसल्या. असं हसल्या की डोळ्यांतून पाणी, पोट धरून, भिंतीला डोकं टेकून. “अगं, मीच! मीच ना गं! पाहुण्यांना उघड्यावर कसं बसवायचं म्हणून!” अरुणा हसत होती की रडत होती ते तिचं तिलाच कळत नव्हतं. “मीही होते आई, मीही अंथरलं!”

“काढा, काढा सगळं!” लताबाई ओरडल्या.

आणि ती सगळी नटलेली माणसं सतरंज्या गुंडाळायला लागली. दोन टोकं धरायची, ओढायची, खांद्यावर टाकून दाराशी रचायची. राजन गादीखाली अडकला आणि त्याला कुणी लवकर काढलं नाही. खालून कोंडलेली ऊब वर आली ती पायांच्या तळव्यांतून आधी कळली. कुणीतरी बूट काढले. मग सगळ्यांनी काढले. जॅकेटं खांबांच्या खिळ्यांना लटकली, साड्या मोकळ्या झाल्या. एकेक करून बायका उघड्या सिमेंटवर मांडी घालून बसल्या, हात टेकवून बसल्या, दोघी-तिघी तर सरळ आडव्या झाल्या आणि मोठ्याने हसल्या.

पंगत त्याच जमिनीवर बसली. बाजरीची भाकरी, भोगीची भाजी, तिळाची चटणी आणि अर्थात लसणाची. हेंक बायकोला घेऊन आला. एवढा उंच माणूस, खाली बसला तेव्हा त्याचे गुडघे कानांपर्यंत आले, पण उठेना. जेवण झालं तरी कुणी उठेना. कुणीतरी परात ओढली, लसणाचा ढीग मध्ये आला आणि गप्पा मारता मारता अर्ध्या मराठी लंडनने लसूण सोलला. वासाबद्दल कुणी बोललं नाही. ऊर्मी आजीच्या मांडीवर डोकं ठेवून बोक्याशेजारी झोपली होती, आणि लताबाई तिच्या डोक्यावरून हात काढून घ्यावा लागू नये म्हणून एकाच हाताने पाकळ्या निवडत होत्या.

सगळे गेल्यावर दाराशी सतरंज्यांचा आणि गोधड्यांचा डोंगर राहिला. सतरंज्या राजनच्या गाडीत गेल्या. गोधड्या अरुणाने उचलून घरात आणल्या आणि जिन्याखाली उभी राहून म्हणाली, “आई, या कुठे ठेवू? बेसमेंटमधलं कपाट भरलंय.”

ती वर गेली. लताबाई पलंगाशेजारी वाकल्या होत्या. बॅगेतल्या साड्या पलंगावर होत्या, सगळ्याच्या सगळ्या. कपाटाचे ते दोन कप्पे उघडे होते, आणि एकात त्या साड्यांच्या घड्या रचत होत्या. बॅग तळापर्यंत रिकामी झाली होती.

त्यांनी मागे वळून पाहिलं. “उभी काय राहिलीस?” त्या म्हणाल्या. “आण त्या गोधड्या. या बॅगेत भरून टाक. आता काही लागायच्या नाहीत आपल्याला.”